दोन वितींची वाट

१२ नोव्हेंबर २०२३ ची पहाट अभ्यंगस्नानाची होती. आमच्या घरात उटण्याचा वास दरवळत होता, आणि त्याच पहाटे तिकडे उत्तरकाशी जिल्ह्यात सिलक्यारा बोगद्याचा भाग ढासळून ४१ मजूर आत कोंडले गेले. पुढचे सतरा दिवस वर्तमानपत्र उघडताना एकच प्रश्न माझ्या मनात येई : अशा वेळी हाक मारायची ती कोणाला?

आग लागली तर बंब येतो. माणूस जखमी झाला तर रुग्णवाहिका धावते. परंतु जमिनीच्या पोटात अडकलेल्या माणसापाशी नुसत्या धैर्याने पोचता येत नाही. तेथे त्या जमिनीचा स्वभाव ओळखणारा जाणता लागतो.

१९५५ साली जर्मनीतील गेल्सेनकिर्शेन येथे डालबुश कोळसाखाणीत तीन कामगार अडकले. एबरहार्ड आउ या अभियंत्याने त्यांच्यासाठी पोलादाची एक लांबट नळी करवून घेतली. तिचा व्यास ३८.५ सेंटिमीटर, म्हणजे पुरत्या दोन वितीही नव्हे! छिद्रातून ती खाली सोडून तिघांनाही वर काढले. दिसायला ती बाँबसारखी, म्हणून तिचे नाव पडले ‘डालबुश बाँब’. संहाराचे नाव घेऊन तारणारी अशी दुसरी वस्तू मला ठाऊक नाही.

१९६३ च्या ऑक्टोबरात लेंगेडे येथील लोखंडाच्या खाणीत पाणी घुसले. आता कोणी जिवंत नसावे, असे वाटू लागले असता जुन्या, सोडून दिलेल्या भागात छिद्र पाडून पाहा, असा आग्रह खाणीत आयुष्य घालवलेल्या माणसांनी धरला. तेथे अकरा जण जिवंत सापडले, आणि दोन आठवड्यांनी वर आले. यंत्र होतेच, पण ते कोठे लावायचे, हे सांगणारे ज्ञान खाणकामगारांचे होते.

आपल्याकडे १९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरले. सहा जण दगावले, पासष्ट आत अडकले. खाण-अभियंते जसवंतसिंग गिल यांनी तेथल्या तेथे पोलादी पिंजरा तयार करवला. पूर्वी कोणी वापरून न पाहिलेल्या त्या पिंजऱ्यातून ते स्वतःच खाली उतरले. पासष्टही जण वर आले.

सिलक्याऱ्यातही शेवटी तेच झाले. बाहेरून आणलेले प्रचंड यंत्र थोडक्या अंतरावर मोडून पडले. तेव्हा उंदराच्या बिळासारखे भुयार हाताने खणणारे बारा कारागीर नळीत शिरले. कोळशासाठी अशी बिळे खणण्यास मेघालयात २०१४ साली बंदी झाली होती, आणि ती योग्यच होती. त्या बिळांत माणसे मरत. पण त्याच कसबाने २८ नोव्हेंबरला उरलेली वाट मोकळी केली. मग आपत्ती निवारण दलाचे जवान आत गेले, आणि ४१ ही माणसे बाहेर आली.

मला वाटते, बचावपथक संकटाच्या दिवशी उभे राहत नाही. ते आधीच कोठेतरी आपले नित्याचे काम करीत असते. त्याला आपण एरवी मजूर म्हणतो, आणि त्याच्या मजुरीवरून घासाघीस करतो. त्या वर्षी आमच्या दारातले आकाशकंदील उतरून झाले होते. पण बातमी ऐकल्यावर मी एक पणती पुन्हा लावली. ती त्या बारा जणांसाठी होती.