माळावरची दोनशे वर्षं

सन 1822, श्रावणातली सकाळ. तुम्ही अहमदनगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्जतकडच्या माळावर उभे आहात. विजेच्या तारा नाहीत, उसाचं पान दिसत नाही. पवन्या आणि मारवेल गवत गुडघ्यापर्यंत आलंय. लांबवर घोंगडी पांघरलेला धनगर मेंढरं वळतोय.

आधी आवाज ऐकू येतो. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा. उंचवट्यावर मीटरभर उंचीचा पक्षी उभा आहे. तो माळढोकाचा नर. गळ्याखालची पांढरी पिशवी फुगून लोंबतेय, शेपूट पाठीवर उलटलंय. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी मादीसाठी मिरवतोय. पलीकडे काळविटांचा कळप चरतोय.

एक बैलगाडी कुरकुरत येते. पक्षी मान वर करतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. माणूस पायी आला तर तो उडेल, पण बैलगाडी त्याच्या ओळखीची आहे. शिकाऱ्यांनी नेमकं हेच हेरलंय. बार उडतो. तुम्ही या काळात फक्त पाहुणे आहात, बंदुकीची नळी खाली करू शकत नाही.

रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एकट्या इंग्रजाने 1809 ते 1829 या काळात अहमदनगर जिल्ह्यात 961 माळढोक मारल्याची नोंद आहे. म्हणजे वीस वर्षं, जवळपास दर आठवड्याला एक. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

पुढे चला. 1895 मध्ये क्षणभर आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याकडे पाहा. झुलुलँडमध्ये ह्लुह्लुवे, उम्फोलोझी आणि सेंट लुसिया ही राखीव क्षेत्रं जाहीर होताहेत. उम्फोलोझीत उरलेल्या थोड्या पांढऱ्या गेंड्यांपासूनच पुढे दक्षिण आफ्रिकेतली त्यांची संख्या हजारांवर जाणार आहे. आपल्या माळाला मात्र अजून राखणदार नाही. जंगल म्हटलं की सरकारला झाडं दिसतात, गवत दिसत नाही.

राखणदार येतो तो 1979 मध्ये, आणि येतो तो अवाढव्य होऊन. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतलं 8496 चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर होतं. त्यात माळ आहेत, तशीच गावं, रस्ते आणि लोकांच्या मालकीची शेतंही आहेत.

1990 च्या सुमारास कर्जत तालुक्यातल्या एका ओसरीवर बसा. चहा येतो, मागोमाग गाऱ्हाणं. "पाव्हणं, पक्षी म्या कधी पाह्यला न्हाई, पण त्याच्यापायी जमिनीचा व्यवहार अडकलाय." बाहेर कालवे आणि विहिरींमागून ऊस वाढतोय. माळावर हिरवाईच्या नावाखाली खड्डे खणून झाडं लावली जाताहेत, आणि माळढोकाला हवी असते ती लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जमीन. पुढे विजेच्या तारा येतात. समोरचं फार कमी दिसणारा हा जड पक्षी उडताना त्यांवर आदळतो. अखेर अभयारण्य सुमारे 1222 चौरस किलोमीटरवर आणावं लागतं. तोवर अभयारण्यातल्या नान्नजलाही एखादा माळढोक दिसला तर बातमी होते. देशभरात आता दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे.

आता आजच्या काळात, त्याच कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला या. हिवाळ्यातली सकाळ आहे. 1980 मध्ये काळविटांसाठी राखलेलं हे अभयारण्य अवघं 2.17 चौरस किलोमीटरचं. माळढोकाला दिलेलं क्षेत्र याच्या जवळपास चार हजार पट होतं. बाभळी-बोरींच्या मधल्या गवतात माद्या चरताहेत. काळा-पांढरा नर मान मागे टाकून पिळाची शिंगं पाठीला टेकवत चालतो. कुत्र्याची चाहूल लागताच अख्खा कळप उड्या घेत निघतो.

फोटो मिळाले म्हणून लगेच गाडीत बसू नका. शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावर जा. एवढ्याशा जागेत कळप मावत नाही, रात्री तो ज्वारीत शिरतो. काळविटाचा अर्धा संसार त्या शेतकऱ्याच्या रानात चालतो आणि थंडीत राखण त्यालाच करावी लागते. वाटाड्या त्याच गावातला घ्या. पिठलं-भाकरी त्याच्या घरची खा आणि पैसे हातावर ठेवा. पिकाच्या नुकसानीची भरपाई त्याला वेळेवर मिळते का, हेही विचारा.

मोठ्या अभयारण्यात शेतकऱ्याच्या वाट्याला पक्ष्याचा जाच आला, लाभ आला नाही. पक्षी गेला तेव्हा त्याच्यासाठी हळहळणारं गावात फारसं कुणी नव्हतं. रेहेकुरीत काळवीट अजून आहे, म्हणून ज्वारीवाल्याचा हिशेब चुकता करायची संधीही अजून आहे.