सहा इंजेक्शनं

एप्रिल २०२१ मधला तो फोन तुम्हालाही आला असेल. तुम्ही दुबईत असा, डॅलसमध्ये असा की माझ्यासारखे बहारीनच्या रिफात. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ, सांगलीत बारा. पलीकडे मामेभाऊ होता. "दादा, तिकडे रेमडेसिविर मिळेल का? सहा लागतात."

सहाच का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. हिशोब साधा होता. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, पुढचे चार दिवस रोज १००, आणि एका व्हायलमध्ये १००. पाच दिवसांच्या सहा व्हायल. महाराष्ट्रात त्या महिन्यात 'सहा इंजेक्शनं' हा जणू एक शब्दच झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी पूर्व रिफातल्या औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा केरळी माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "हे दुकानात कसं मिळेल? हे हॉस्पिटलच्या बाहेर येतच नाही." मला त्याचा राग आला होता. आज वाटतं, त्या महिन्यात मला कुणी सांगितलेलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य तेच होतं.

या औषधाचा इतिहास तसा आशा आणि निराशेचाच. अमेरिकेच्या गिलियड कंपनीतलं हे संशोधन मुळात दुसऱ्याच विषाणूंसाठी सुरू झालं. इबोलावर काँगोत चाचणी झाली, पण ऑगस्ट २०१९ मध्ये दुसरी दोन औषधं सरस ठरली आणि हे मागे पडलं. मग कोविड आला. १ मे २०२० रोजी अमेरिकेने तातडीच्या वापराला परवानगी दिली, जूनमध्ये भारतानेही. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत रुग्ण सरासरी १५ ऐवजी १० दिवसांत सावरले. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये संघटनेने दाखल रुग्णांना ते देऊ नये असं सुचवलं. म्हणजे आपण सगळे ज्यासाठी धावत होतो, त्याबद्दलची ही शंका धावायच्या पाच महिने आधीच छापून आली होती. विषाणूविरोधी औषध लवकर दिलं तर उपयोगी, हे नंतर स्पष्ट झालं. व्हेंटिलेटरवर गेल्यावर फार उशीर झालेला असतो. आमचा मामा तेव्हा ऑक्सिजनवर होता.

सरकारने ११ एप्रिलला निर्यात थांबवली, आठवड्याभरात किमती उतरवल्या. एका कंपनीची २,८०० रुपयांची व्हायल ८९९ वर आली. पण छापील किमतीला मिळतंय कुठे? मामेभावाच्या हातात रुग्णालयाने चिठ्ठी ठेवली होती आणि "तुम्हीच आणा" म्हणून सांगितलं होतं. शिरेतून द्यायचं औषध नातेवाइकाने खिशात घालून आणायचं, यात काय चूक आहे ते त्याच सुमारास बारामतीत दिसलं. रिकाम्या व्हायल मिळवून त्यात पॅरासिटामॉलचं पाणी भरून विकणारी टोळी पोलिसांनी पकडली. मग अनेक ठिकाणी व्हायलवर मार्करने रुग्णाचं नाव लिहू लागले, वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. खऱ्या व्हायलमध्ये बहुधा पांढरी भुकटी असते, ती कोरडी असेपर्यंत ३० अंशांखाली ठेवली की पुरतं. मामेभाऊ थर्मासमध्ये बर्फ घालून फिरत होता. सांगलीचा एप्रिल माहीत असेल तर त्याला हसू नका.

शिरेतून द्यायच्या औषधाला घाई चालत नाही, हे त्याआधीची पिढी जुन्या औषधावर शिकली होती. ॲसायक्लोव्हिर. नागिणीच्या गोळ्या म्हणून तुम्हाला ते ठाऊक असेल. ज्या बरोज वेलकम कंपनीत ते तयार झालं, तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. हर्पीसचा मेंदूज्वर झाला तर हेच औषध शिरेतून, दर आठ तासांनी, दोन-तीन आठवडे देतात. ते भरकन दिलं, अंगात पाणी कमी असलं, तर त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. म्हणून प्रत्येक बाटली निदान तासभर चालवायची, पाणी भरपूर द्यायचं, लघवी किती होते ते मोजायचं. शिवाय ते द्रावण इतकं अल्कधर्मी असतं की शिरेबाहेर झिरपलं तर कातडी भाजल्यासारखी होते. सुई टोचलेल्या जागी आग होतेय, सूज आलीय, असं वाटलं की त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा. "होईल कमी" म्हणून सोसत पडून राहणं ही आपल्या लोकांची जुनी खोड आहे.

आणि ड्रिपच्या नळीवरचं ते चाक! भेटायला आलेला एखादा काका "किती हळू चाललंय" म्हणत ते फिरवतो. मी स्वतः एकदा फिरवलं आहे, सलाइन होतं म्हणून निभावलं.

रेमडेसिविरही अर्धा ते दोन तासांत द्यायचं, आणि नंतर तासभर रुग्णावर लक्ष ठेवायचं, कारण रिॲक्शन येऊ शकते, नाडी मंदावू शकते. सुरू करण्याआधी यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. त्या काळी मूत्रपिंड फार कमजोर असेल तर देऊ नका असं होतं. अमेरिकेत ती अट जुलै २०२३ मध्ये निघाली. क्लोरोक्वीनच्या गोळ्या चालू असतील तर सांगायलाच हवं, त्यांनी याचा परिणाम कमी होऊ शकतो. मामाला २०२० पासून कुणीतरी दिलेल्या तसल्या गोळ्या घरात होत्या. त्या तो घेत होता का, हे कुणी विचारलं नाही आणि घरच्यांनीही सांगितलं नाही.

रिफातून मला एकही व्हायल पाठवता आली नाही. बहारीनहून गेला तो ऑक्सिजन. मनामाहून निघालेली आयएनएस तलवार द्रवरूप ऑक्सिजनच्या टाक्या घेऊन ५ मे रोजी मंगळूरला पोचली. इथल्या मराठी ग्रुपवर तिचा फोटो फिरत होता, तेव्हा मामाला जाऊन सहा दिवस झाले होते.

सहापैकी चार व्हायल त्याला मिळाल्या होत्या. मामेभावाने त्यांचे फोटो मला पाठवले होते, अजून फोनमध्ये आहेत. परवा मोठे करून पाहिले. तीनांवर बॅच नंबर वाचता येतो. चौथीचं लेबल तिरकं चिकटवलेलं आहे.