तंबू, पाणी आणि जिवाजी विनायक

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. कारणं नेहमीचीच, ती सांगत बसत नाही. पण गेल्या रविवारी घरात एक विषय निघाला आणि तो काही डोक्यातून जाईना, म्हणून आज बसलो.

तर झालं असं. माझा पुतण्या आणि त्याचे पाच मित्र, सगळे नगरचे (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय), समुद्रकिनारी तंबू ठोकून राहायला निघालेत. मूळ बेत थेट बेटावर राहायचा होता. मुरूडसमोर समुद्रात पद्मदुर्ग आहे, तिथे दोन रात्री, पौर्णिमेचं चांदणं, लाटांचा आवाज वगैरे. मी म्हटलं, "बाबा रे, तो किल्ला आहे, मनाला येईल तिथे तंबू ठोकायला ते आपलं शेत नाही." मग त्यांनी खाडीपलीकडची एक पुळण शोधून काढली. मागे डोंगर, गाडीरस्ता नाही, होडीनेच जायचं. म्हणजे बेटच म्हणा ना. (नाव मुद्दाम देत नाही. उगाच गर्दी व्हायची.) जागेच्या मालकाची परवानगी काढली आणि यादी करायला सगळे आमच्या ओट्यावर जमले.

यादीत तंबू होते, दोर होता, बॅटऱ्या, पॉवर बँक, गाणी ऐकायला स्पीकर, मॅगीची पाकिटं. पाणी या शब्दापुढे लिहिलं होतं: दहा बाटल्या. सहा जणांना, दोन रात्रींसाठी!

वहिनी आतून पोहे घेऊन येत होत्या. त्यांनी यादीवर एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "दहा बाटल्या तर पहिल्या दुपारीच संपतील. स्वयंपाक कशात करणार, समुद्रात?"

आमच्या घरातल्या बायकांना हा हिशेब शिकवावा लागत नाही. आमचं मूळ गाव पारनेर तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आजी सांगायची, त्यात माणसांपेक्षा हंड्यांचे आकडे जास्त असायचे. पुढे टँकरची वाट बघणं आम्हीही केलं. पाणी नसलेल्या जागी कसं राहायचं हे नगरच्या माणसाला माहीत असतं. पण चारी बाजूंनी पाणीच पाणी आणि पिण्याला थेंब नाही, हा प्रकार आम्हाला नवीन. जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, आणि समुद्र कुठेच नाही.

मात्र नगरचा समुद्राशी संबंध नव्हता असं मात्र समजू नका. पंधराव्या शतकाच्या शेवटी मलिक अहमदने निजामशाही उभी केली, नगर शहर वसवलं, आणि त्या राज्याचा कोकणातला दरवाजा म्हणजे चौलचं बंदर. तिथल्या पोर्तुगिजांना हुसकून लावायला मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ मध्ये वेढा घातला, तो फसला. १५९४ मध्ये समोरच्या कोर्लईला पुन्हा निजामशाही फौजेचा पराभव झाला. आणि मुरूडचा जंजिरा? तोही आमच्या नगरच्याच खात्यावर. तिथे आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, राम पाटील त्यांचा प्रमुख. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून गलबत घेऊन आला, दारूची पिंपं म्हणून जी उतरवली त्यांतून माणसं निघाली, आणि बेट हातचं गेलं, अशी आख्यायिका आहे. पिंपांचं खरंखोटं काहीही असो, बेट निजामशाहीकडे आलं. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. जंजिरा मात्र सिद्द्यांकडे राहिला तो थेट १९४८ पर्यंत.

इतकी शतकं एक बेट टिकतं कसं? तटबंदी आणि तोफा यांचं कौतुक सगळेच करतात. मला स्वतःला किल्ल्याच्या आतले दोन मोठे तलाव बघून जास्त नवल वाटलं होतं. गोड्या पाण्याचे! सिंधुदुर्गाचंही तेच. १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं, आणि आत दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर अशा तीन गोड्या विहिरी आहेत. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्रात किल्ल्यांविषयी जे लिहिलं त्यातही हेच आहे: आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा, आणि एकाच झऱ्यावर विसंबू नका. वहिनींनी आज्ञापत्र वाचलेलं नाही. पण मुद्दा तोच.

पाणी खडकात मिळतं, साठवताही येतं. धान्याचं आणि पैशाचं काय? ते किनाऱ्यावरूनच यायला हवं. इथे मला जिवाजी विनायक आठवले.

जंजिरा घेता येत नव्हता म्हणून शिवाजी महाराजांनी त्याच्यासमोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग उभारायला घेतला. बांधणारी माणसं भर समुद्रात खडकावर, आणि सिद्दीचं आरमार त्रास द्यायला हजर. दर्यासारंग आणि दौलतखान या आरमाराच्या अधिकाऱ्यांनी मदतीला जायचं होतं. त्यासाठी लागणारी रसद आणि पैसा पोचवायची आज्ञा प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना होती. त्यांनी तो पोचवला नाही. जानेवारी १६७५ मधलं महाराजांचं त्यांना गेलेलं पत्र प्रसिद्ध आहे. शब्द इथे उतरवत नाही, पण भाव असा: वेळेवर ऐवज दिला नाहीत म्हणून आरमार अडकलं, सिद्दीनेच तुम्हाला फितवलंय की काय असं वाटावं असं हे वागणं आहे, आणि ब्राह्मण म्हणून कोणी तुमची गय करील या भरवशावर राहू नका.

मी हे पत्र कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा महाराजांच्या करारीपणाने भारावलो होतो. आता वाचताना डोळ्यांसमोर ते खडकावरचे गवंडी येतात. त्यांना सुभा, कारकून, हिशेब यातलं काय माहीत? ते रोज किनाऱ्याकडे बघत असतील, शीड दिसतंय का म्हणून.

पुढच्याच वर्षीची गोष्ट सांगतात ती लाय पाटलांची. हे कोळी दर्यावर्दी. रात्रीच्या अंधारात मोजके साथीदार घेऊन त्यांनी जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मोरोपंतांची माणसं मागून यायची होती. ती आलीच नाहीत. पहाट व्हायला लागली तेव्हा लाय पाटलांनी शिड्या काढल्या आणि परत फिरले. किल्ला हाती लागला नाही तरी महाराजांनी पाटलांचा गौरव केला. पालखी देऊ केली. समुद्रावरच्या माणसाला पालखी काय करायची, असं ते म्हणाले, तेव्हा त्यांना गलबत बांधून दिलं आणि त्याचं नावच 'पालखी' ठेवलं. ही गोष्ट बहुतेक लोक पालखीपाशी संपवतात. मला ते शिडीखाली थांबलेले तास जास्त आठवतात.

आणि जिथे किनाऱ्याने साथ दिली तिथे काय झालं? १६७९ चं खांदेरी बघा. मायनाक भंडारी ऐन पावसाळी दिवसांत बेटावर माणसं घेऊन उतरले आणि बांधकाम सुरू केलं. मुंबईच्या इंग्रजांनी नाकेबंदी केली. त्यांची जहाजं मोठी, तोफा मोठ्या. पण थळ आणि नागावच्या बाजूने मराठ्यांच्या लहान, उथळ होड्या रात्री निसटून सामान पोचवतच राहिल्या. महिनोन्‌महिने! शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. हेच खांदेरी जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. त्या होड्या वल्हवणाऱ्यांची नावं कुठे नाहीत.

आता मूळ मुद्दा. ओट्यावर सगळी यादी झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही मुरूडला थांबा ना. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीवाल्याबरोबर पाणी आणि शिधा घेऊन या. म्हणजे आम्हाला एकदम ओझं न्यायला नको."

मी लगेच हो म्हणालो नाही. बघतो म्हणालो. सगळ्यांना वाटलं, काकांना गुडघ्याची काळजी. खरं कारण घरात कुणालाच माहीत नाही, ते आज इथे लिहितो.

१९८८ चा डिसेंबर. आम्ही पाच मित्र हरिश्चंद्रगडावर तीन दिवस राहणार होतो. चौघे पुढे गेले. मी दुसऱ्या दिवशी तांदूळ, डाळ, स्टोव्ह आणि रॉकेल घेऊन राजूरवरून पाचनईला जायचं आणि गड चढायचा, असं ठरलं होतं. मी गेलो तिसऱ्या दिवशी. "एसटी चुकली," असं सांगितलं. एसटी चुकली नव्हती. आदल्या दिवशी दुसऱ्या मित्रांनी सिनेमाला चल म्हटलं आणि मी गेलो. एक दिवसाने काय फरक पडतो, असं वाटलं.

फरक पडला. चौघांनी शेंगदाणे आणि गुळावर दिवस काढला. रात्री गुहेत एकाला सणकून ताप भरला. सकाळी त्याला धरून धरून पाचनईला उतरवलं, तिथल्या एका घराने पेज करून घातली. मी पोचलो तेव्हा तो त्या घराच्या पडवीत घोंगडी पांघरून बसला होता. मला बघून एवढंच म्हणाला, "काल दिवसभर वाटेकडे बघत होतो रे." रागावला असता तर बरं झालं असतं. पुढे आम्ही भेटलो, बोललो, एकमेकांच्या लग्नाला गेलो. पण माझ्याबरोबर तो परत कधी डोंगरात आला नाही. आणि मी एसटीची थाप कधी मागे घेतली नाही. छत्तीस वर्षं उलटून गेली. तो अधूनमधून इथे वाचायला येतो हे मला माहीत आहे. मित्रा, एसटी वेळेवर होती. चूक माझी होती.

जिवाजी विनायकांबद्दल लोक तावातावाने बोलायला लागले की मी गप्प बसतो, त्याचं कारण हे.

असो. दोन दिवसांनी पुतण्याला फोन करून हो म्हटलं. मग आम्ही यादी पुन्हा केली. पाणी माणशी रोज चार लिटर, म्हणजे सहा जणांना चोवीस, आणि त्यावर एक दिवसाचं जास्तीचं. ते एकाच कॅनमध्ये नाही, चार कॅनमध्ये, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे राहतील. स्पीकर वगळला, औषधांचा डबा आला. गावात आणि पोलीस ठाण्यात आधी कळवून ठेवायचं.

पौर्णिमाही रद्द केली. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ अंदाजे निघते. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. त्यात उधाणाची भरती! चांदणं बघत पोरं झोपली असती आणि रात्री सव्वाअकराच्या सुमाराला तंबूत पाणी. अष्टमीला भरती सहाच्या आसपास आणि पाणीही कमी चढतं. तेव्हा अष्टमी धरली आहे. होडी कधी काढायची ते मात्र होडीवालाच ठरवेल. त्याच्यापुढे माझं गणित चालवायचं नाही, हे सगळ्यांना बजावलंय.

मी एक दिवस आधीच मुरूडला जाऊन राहणार आहे. एसटीनेच :)

बाकी वृत्तांत परत आल्यावर.