कॉन्टॅक्ट ट्रेसिंग अ‍ॅप: लोकांनी विश्वास कधी ठेवला आणि कधी काढून घेतला?

२०२० च्या एप्रिल-मे मध्ये भारतातल्या कोट्यवधी फोनमध्ये एक नवीन अ‍ॅप आलं: आरोग्य सेतू. काहींनी ते स्वतःहून घेतलं, काहींनी ऑफिसने सांगितलं म्हणून. ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू ठेवायचं आणि स्क्रीनवरचं स्टेटस हिरवं दिसलं की आत जायचं. त्याच काळात सिंगापूर, जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांनी आपापली अ‍ॅप्स काढली. तंत्रज्ञान साधारण एकच होतं, पण लोकांचा प्रतिसाद प्रत्येक ठिकाणी वेगळा होता.

असं का झालं? "लोकांना प्रायव्हसी हवी होती" एवढं उत्तर पुरेसं नाही. या लेखात आपण आधी ही अ‍ॅप्स कशी चालतात ते पाहू आणि मग लोकांचा विश्वास कशामुळे वाढला किंवा कमी झाला ते खऱ्या उदाहरणांवरून समजून घेऊ.

हे अ‍ॅप नेमकं काय करतं?

एखादा माणूस पॉझिटिव्ह आला की गेल्या काही दिवसांत तो कोणाच्या जवळ होता हे शोधायचं आणि त्या लोकांना सावध करायचं, याला कॉन्टॅक्ट ट्रेसिंग म्हणतात. हे काम आरोग्य कर्मचारी फोन करून किंवा घरोघरी जाऊन पूर्वीपासून करत आले आहेत. अडचण अशी की बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचं नाव आपल्याला सांगता येत नाही. अ‍ॅपची कल्पना इथे सुरू होते.

तुमचा फोन ब्लूटूथवरून सतत एक कोड पाठवत असतो. जवळच्या फोनमध्ये तेच अ‍ॅप असेल तर दोन्ही फोन एकमेकांचे कोड नोंदवून ठेवतात. सिग्नल किती जोरात येतोय यावरून अंतराचा अंदाज बांधला जातो. हा फक्त अंदाजच असतो. फोन खिशात आहे की टेबलावर, मध्ये भिंत आहे की काच, यावर सिग्नल बदलतो. म्हणजे पलीकडच्या फ्लॅटमधला माणूसही "जवळ" दिसू शकतो.

डेटा कोणाकडे राहतो?

यात दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली केंद्रीकृत पद्धत. पॉझिटिव्ह आलेल्या माणसाच्या फोनमधली संपर्कांची यादी सरकारी सर्व्हरवर जाते आणि कोणाला कळवायचं हे सर्व्हर ठरवतो. आरोग्य विभागाला साथीचं चित्र दिसतं हा फायदा. कोण कोणाला भेटलं हेही सरकारला दिसू शकतं हा धोका.

दुसरी विकेंद्रित पद्धत. इथे पॉझिटिव्ह माणसाच्या फोनचे फक्त कोड सर्व्हरवर जातात. बाकीचे फोन ती यादी उतरवून घेतात आणि आपल्या नोंदींशी स्वतःच जुळवून पाहतात. कोण कोणाला भेटलं हे सर्व्हरला कळतच नाही. गूगल आणि अ‍ॅपल यांनी १० एप्रिल २०२० रोजी एकत्र येऊन याच पद्धतीची सोय अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आणायचं जाहीर केलं. ती वापरायची तर अ‍ॅपने लोकेशन घ्यायचं नाही, अशी अट होती.

ब्रिटनने सुरुवातीला केंद्रीकृत अ‍ॅप बनवलं आणि मे २०२० मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावर त्याची चाचणी घेतली. आयफोन बॅकग्राउंडमधल्या अ‍ॅपला ब्लूटूथ मोकळेपणाने वापरू देत नाही. त्यामुळे ते अ‍ॅप जवळचे अँड्रॉइड फोन ७५ टक्के वेळा ओळखत होतं, पण आयफोन फक्त ४ टक्के. जून महिन्यात ते गुंडाळून ब्रिटन विकेंद्रित पद्धतीकडे वळला.

लोक काय म्हणाले आणि त्यांनी काय केलं

मार्च-एप्रिल २०२० मध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन आणि अमेरिका या पाच देशांत सुमारे ६,००० लोकांचं सर्वेक्षण झालं. असं अ‍ॅप आलं तर घ्याल का, या प्रश्नावर चारपैकी साधारण तीन जणांनी "नक्की" किंवा "बहुतेक घेऊ" असं सांगितलं. नकोची मोठी कारणं दोन होती: साथ संपल्यावरही सरकार पाळत ठेवेल ही भीती आणि फोन हॅक होईल ही भीती. सरकारवर ज्यांचा विश्वास कमी, त्यांचा पाठिंबाही कमी होता.

"घेऊ" म्हणणं आणि खरंच घेणं यात मात्र बरंच अंतर निघालं. जर्मनीचं कोरोना-वॉर्न-अ‍ॅप १६ जून २०२० ला आलं. विकेंद्रित पद्धत होती आणि सोर्स कोड सगळ्यांना पाहण्यासाठी खुला होता. पहिल्या २४ तासांत ६० लाखांहून जास्त लोकांनी ते घेतलं. फ्रान्सने त्याच महिन्यात केंद्रीकृत पद्धतीचं स्टॉपकोविड आणलं, ते फारसं चाललं नाही. सप्टेंबरमध्ये खुद्द पंतप्रधान जाँ कास्तेक्स यांनी टीव्हीवर कबूल केलं की ते अ‍ॅप आपण घेतलेलं नाही!

आरोग्य सेतू: डाउनलोड म्हणजे विश्वास नव्हे

आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं. पहिल्या १३ दिवसांत ५ कोटी आणि सुमारे ४० दिवसांत १० कोटी लोकांनी ते डाउनलोड केलं. हा आकडा प्रचंड आहे, पण त्यावरून लोकांचं मत कळत नाही, कारण मध्येच सक्ती आली.

१ मे २०२० च्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशाने सरकारी आणि खासगी, सगळ्या कर्मचाऱ्यांना हे अ‍ॅप बंधनकारक केलं. कंटेनमेंट झोनमध्ये १०० टक्के लोकांकडे ते असावं असंही म्हटलं. नोएडा पोलिसांनी तर फोनमध्ये अ‍ॅप नसेल तर कलम १८८ खाली कारवाई होऊ शकते असं जाहीर केलं. डेटा संरक्षण कायद्याचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष राहिलेले निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी ही सक्ती पूर्णपणे बेकायदेशीर असल्याचं मत मांडलं. १७ मे च्या आदेशात भाषा सौम्य झाली: कंपन्यांनी शक्य तेवढा प्रयत्न करावा.

अ‍ॅपबद्दलचे मुख्य आक्षेप असे होते:

- ब्लूटूथसोबत जीपीएस लोकेशनही घेतलं जात होतं. ते दर १५ मिनिटांनी फोनमध्ये साठत होतं. माणूस पॉझिटिव्ह आला किंवा लक्षणांच्या उत्तरांवरून धोका दिसला, तर ते सर्व्हरवर जात होतं.
- सुरुवातीला सोर्स कोड बंद होता. अँड्रॉइड आवृत्तीचा कोड २६ मे २०२० ला खुला झाला.
- यामागे स्वतंत्र कायदा नव्हता. ११ मे ला सरकारने डेटा वापराचे नियम काढले आणि बहुतेक डेटा १८० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही असं म्हटलं. पण तो संसदेने केलेला कायदा नव्हता, प्रशासकीय आदेश होता.
- ऑक्टोबर २०२० मध्ये माहिती अधिकाराखाली "हे अ‍ॅप नक्की कोणी बनवलं?" असं विचारलं गेलं. संबंधित विभागांना नीट उत्तर देता आलं नाही आणि केंद्रीय माहिती आयोगाने नोटीस काढली. नंतर सरकारने सांगितलं की एनआयसीने उद्योगक्षेत्रातल्या स्वयंसेवकांसोबत ते बनवलं.

इंजिनियर म्हणून मला सक्तीतली सगळ्यात मोठी चूक वेगळीच वाटते. सक्तीने फक्त फोनमधला आयकॉन तपासता येतो. अ‍ॅप ठेवून ब्लूटूथ बंद करता येतं. "ताप आहे का, खोकला आहे का" याला सरसकट "नाही" लिहिता येतं. हिरवं स्टेटस दाखवल्याशिवाय कामावर जाता येत नसेल, तर घर रोजच्या पगारावर चालवणारा माणूस काय लिहील? अ‍ॅपचा सगळा डोलारा खऱ्या उत्तरांवर उभा आहे आणि सक्ती नेमकं खोटं उत्तर द्यायला भाग पाडते.

सिंगापूर: एक वाक्य महागात पडलं

सिंगापूरने २० मार्च २०२० ला ट्रेसटुगेदर आणलं. स्मार्टफोन नसलेल्यांना गळ्यात अडकवायचं छोटं टोकन दिलं. "हा डेटा फक्त कॉन्टॅक्ट ट्रेसिंगसाठीच" असं आश्वासन होतं. जानेवारी २०२१ पर्यंत सुमारे ७८ टक्के लोक त्यात आले होते.

मग ४ जानेवारी २०२१ ला संसदेत सरकारने सांगितलं की फौजदारी कायद्याखाली पोलीस हा डेटा मागू शकतात. एका खुनाच्या तपासात तो मागितलाही गेला होता. लोक संतापले. राग पोलीस तपासापेक्षा आधी एक सांगून नंतर दुसरं केल्याचा होता. फेब्रुवारीत सरकारने कायदा करून हा वापर फक्त ७ प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित केला. हा कायदा पहिल्या दिवशी असता तर फसवणुकीची भावना आलीच नसती.

अलर्ट आल्यावर माझं काय?

प्रायव्हसीच्या चर्चेत हा प्रश्न मागे पडला, पण सामान्य माणसाच्या मनात तो सगळ्यात आधी होता.

आपल्याकडचे ते दिवस आठवा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात होम क्वारंटाइन केलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सुरुवात झाली. अनेक शहरांत रुग्णांच्या घरांबाहेर पोस्टर लागले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय असे पोस्टर लावू नयेत. शेजारी दार लावून घेतील, मालक खोली खाली करायला सांगेल, कामावरून काढतील, अशी भीती असताना "तुम्ही बाधिताच्या संपर्कात आला होता" हा मेसेज कोणाला हवा असेल?

ब्रिटनमध्ये हीच अडचण पैशाच्या रूपात दिसली. घरात थांबावं लागणाऱ्या कमी उत्पन्नाच्या लोकांना ५०० पौंडांची मदत सप्टेंबर २०२० पासून सुरू झाली. पण नवीन अ‍ॅप वापरणाऱ्याची ओळखच ठेवत नव्हतं, त्यामुळे अ‍ॅपवरून अलर्ट आलेल्यांना ती मागता येत नव्हती. ही सोय डिसेंबरमध्ये अपडेट करून द्यावी लागली. म्हणजे प्रायव्हसी उत्तम सांभाळली, पण "मी घरी थांबलो तर घर कसं चालवू" याचं उत्तर अडीच महिने नव्हतं.

पुढे जुलै २०२१ मध्ये तिथे एका आठवड्यात ६ लाखांहून जास्त अलर्ट गेले. दुकानं आणि कारखान्यांत माणसं कमी पडू लागली, वर्तमानपत्रांनी त्याला "पिंगडेमिक" नाव दिलं आणि लोक अ‍ॅप काढून टाकू लागले. ऑगस्टमध्ये सरकारला अ‍ॅपचे निकष सैल करावे लागले.

मग ही अ‍ॅप्स फुकटच गेली का?

नाही. ब्रिटनच्याच अ‍ॅपवरचा अभ्यास मे २०२१ मध्ये 'नेचर' मध्ये आला. २०२० च्या शेवटच्या तीन महिन्यांत लोकसंख्येच्या साधारण २८ टक्के लोकांनी ते नियमित वापरलं. त्यामुळे टळलेल्या लागणींचा अंदाज एका पद्धतीने २,८४,००० आणि दुसऱ्या पद्धतीने ५,९४,००० आला. "६० टक्के लोकांनी घेतलं नाही तर उपयोग शून्य" हा त्या वेळचा समज चुकीचा होता. कमी लोक असले तरी फायदा होतो.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे मे २०२० मध्येच कायदा झाला आणि कोणावर अ‍ॅपची सक्ती करणं हाच गुन्हा ठरला. ७० लाखांहून जास्त लोकांनी कोविडसेफ घेतलं. पण २०२२ मध्ये ते बंद करताना सरकारने सांगितलं की नेहमीच्या पद्धतीने सापडले नव्हते असे फक्त १७ संपर्क त्या अ‍ॅपमुळे सापडले. खर्च झाला २ कोटी १० लाख डॉलरहून जास्त. इथे कायदा होता, लोकही आले होते, पण तंत्रज्ञानच कामाचं निघालं नाही.

पुढच्या वेळी कोणते प्रश्न विचारायचे?

आरोग्य सेतूमधलं कॉन्टॅक्ट ट्रेसिंग बंद केलं आहे आणि तो डेटा पुसला आहे, असं सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये संसदेत सांगितलं. त्याआधीच त्या अ‍ॅपमध्ये लस नोंदणी आणि आभा क्रमांकासारख्या सोयी आल्या होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडे डेटा संरक्षण कायदा झाला. पण त्याच्या कलम ७ नुसार साथीच्या काळात उपचार आणि आरोग्यसेवेसाठी संमती न घेताही वैयक्तिक डेटा वापरता येतो. म्हणून पुन्हा कधी असं अ‍ॅप आलं, तर इन्स्टॉल करण्याआधी हे विचारा:

१. लोकेशन घेतंय का? फक्त ब्लूटूथवर काम भागत असेल तर लोकेशन कशाला?
२. संपर्कांची यादी माझ्या फोनमध्ये राहते की सर्व्हरवर जाते?
३. सोर्स कोड खुला आहे का?
४. डेटा कधी पुसणार आणि पोलिसांना मिळणार का? हे कायद्यात लिहिलंय की फक्त एफएक्यूमध्ये?
५. अलर्ट आला तर टेस्ट कुठे होईल? सुट्टीचे पैसे मिळतील का? माझं नाव कोणाला कळेल?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आम्ही इंजिनियर लोक कोडमध्ये देऊ शकतो, आणि २०२० मध्ये बऱ्याच देशांत ती चांगली दिलीही गेली. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं कोडमध्ये लिहिता येत नाहीत. ती सरकारने, कंपन्यांनी आणि आपल्या सोसायटीतल्या लोकांनी साथ येण्याआधीच द्यायची असतात.