माइक नसतानाही शेवटच्या रांगेत आवाज कसा पोचतो? समजून घ्या कॉन्सर्ट हॉलचं ध्वनिशास्त्र

मांजरीत नव्या सोसायट्या उभ्या राहतायत. तिथल्या एखाद्या रिकाम्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवून बघा, आवाज घुमतो. गाद्या, पडदे, कपाटं आली की तीच टाळी कोरडी वाटते. भिंती तर त्याच आहेत, मग बदललं काय?

निनादकाळ म्हणजे काय?

आवाज बंद झाल्यावर तो ६० डेसिबलने खाली यायला जेवढा वेळ लागतो, तो निनादकाळ. हार्वर्डचे प्राध्यापक वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून प्रयोग करून त्याचं सूत्र शोधलं:

निनादकाळ (सेकंद) = ०.१६ × घनफळ (घनमीटर) ÷ एकूण ध्वनिशोषण (चौरस मीटर)

समजा, खोली ६० घनमीटरची आहे. रिकामी असताना शोषण ५ असेल, तर आवाज साधारण १.९ सेकंद घुमेल. सामान आल्यावर शोषण १६ झालं, की फक्त ०.६ सेकंद. १९०० साली सुरू झालेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच गणितावर उभा राहिला.

मग किती निनाद चांगला?

हे कार्यक्रमावर ठरतं. भाषण आणि नाटकाला साधारण १ सेकंद पुरतो, मोठ्या ऑर्केस्ट्राला २ सेकंदांच्या आसपास लागतो. तबल्याचे जलद बोल जास्त घुमणाऱ्या हॉलमध्ये एकमेकांत मिसळतात.

मुंबईचं उदाहरण

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये दोन मोठी थिएटर्स आहेत. १९८० साली सुरू झालेलं टाटा थिएटर वास्तुविशारद फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी घडवलं. १,०१० आसनं रंगमंचाभोवती पंख्यासारखी पसरलेली आहेत, त्यामुळे बैठकीच्या गाण्यासारखी जवळीक राहते आणि माइकशिवायही ऐकता येतं. ऑपेरा, बॅले आणि ऑर्केस्ट्रासाठी मात्र १९९९ मध्ये १,१०९ आसनांचं वेगळं जमशेद भाभा थिएटर उघडलं. एकाच आवारात, पण गरज वेगळी म्हणून हॉलही वेगळा.

भिंतींचं काम

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. भिंतीवरून परतलेला आवाज थेट आवाजापेक्षा १७ मीटर जास्त फिरून आला, तर तो ०.०५ सेकंद उशिरा पोचतो. तेवढ्या वेळात आलेला आवाज बोलण्याला बळ देतो. त्याहून बराच उशिरा आणि जोरात आला, तर प्रतिध्वनी म्हणून वेगळा ऐकू येतो. म्हणून छत आणि भिंतींचे कोन मोजून ठरवतात. खुर्च्यांना गादीही मुद्दाम लावतात, म्हणजे प्रेक्षक कमी असले तरी आवाज फारसा बदलत नाही.

फोनवर करून बघा

कॉलेजच्या रिकाम्या हॉलमध्ये फोनच्या रेकॉर्डरवर एक जोरदार टाळी रेकॉर्ड करा. ग्राफवरची शेपटी जेवढी लांब, तेवढा निनाद जास्त. नॉइज रिडक्शनचा पर्याय असेल तर आधी बंद करा, नाहीतर शेपटी कापली जाईल.

गॅदरिंगला शब्द कळत नसतील, तर स्पीकर मोठा करून उपयोग नाही, कारण आवाजाबरोबर घुमणंही वाढतं. आधी जाड पडदे लावून बघा.