६९ पैकी ५६

हैदराबादच्या हायटेक सिटी भागात दोन गोल इमारती आहेत. पहिली सगळ्यांना माहीत असते: सायबर टॉवर्स. नोव्हेंबर १९९८ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांनी तिचं उद्घाटन केलं आणि पुढे कित्येक वर्षं आयटीची बातमी आली की पेपरात तिचाच फोटो यायचा. दुसरी जवळच कोंडापूरला आहे. तिचं नाव लांबलचक आहे, सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर. आमच्या हैदराबादच्या टीममधल्या अर्ध्या लोकांनी ते नावही ऐकलेलं नव्हतं. मध्यंतरी कामानिमित्त तिथे होतो, तर आधी कळवून बघून आलो.

ही इमारत १४ जुलै २००४ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झाली. सीआयआय, तेव्हाचं आंध्र सरकार (तेलंगण व्हायला अजून दहा वर्षं होती), गोदरेज आणि अमेरिकेची यूएसएड अशा चौघांनी मिळून ती उभी केली. विक्रोळीची खारफुटी ज्यांच्यामुळे टिकली तेच हे गोदरेज. तेव्हा 'लीड' ही अमेरिकन परीक्षा अगदी नवी होती. एकूण ६९ गुण, त्यात ५२ किंवा जास्त मिळाले की प्लॅटिनम. या इमारतीला ५६ मिळाले. अमेरिकेबाहेर प्लॅटिनम मिळवणारी ही पहिली इमारत!

आता मजा अशी, की हे ५६ गुण मिळवणारी इमारत आत गेल्यावर अजिबात 'हायटेक' वाटत नाही. मधे चौक आहे. म्हणजे आहे गोल, पण काम चौकाचंच. भोवती खोल्या, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक टेबलाला दिवसाचा उजेड. भिंतीत जाळ्या आहेत, ऊन अडवणाऱ्या आणि वारा सोडणाऱ्या. छताचा बराच भाग मातीने आणि हिरवळीने झाकलाय, म्हणजे स्लॅब तापत नाही. उरलेल्या छतावर सुमारे २४ किलोवॅटचे सोलर पॅनेल. सांडपाणी वनस्पतींच्या मुळांमधून सोडून तिथेच स्वच्छ करतात आणि बागेला घालतात. बाहेर थेंब जात नाही. आणि दोन मनोरे. वारा वरून आत शिरतो, पाण्याच्या फवाऱ्याने गार होतो आणि खाली उतरतो. एसी आहेच, हैदराबादचा मे महिना काही थट्टा नाही. फक्त त्याला तापलेल्या हवेऐवजी आधीच थोडी गार झालेली हवा मिळते, म्हणजे त्याचं निम्मं ओझं दुसऱ्या कोणीतरी उचललं की झालं.

वारा पकडणारे असे मनोरे इराणपासून सिंधपर्यंत शेकडो वर्षं होते. गंमत म्हणजे त्यांच्यासाठी प्रसिद्ध असलेलं गावही हैदराबादच, पण सिंधमधलं! एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत तिथल्या घराघरावर वारा पकडणारी धुराडी दिसतात, सगळी एकाच दिशेला तोंड करून. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाचं औरंगाबाद) पाणचक्कीत हौदाखाली दालन आहे. डोक्यावर पाणी, म्हणून खाली गारवा. एसी मुळात १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात कागद दमटपणाने बिघडू नये म्हणून विलिस कॅरियरने बनवला. त्याआधीचे लोक काय उकडून मरत नव्हते.

आर्किटेक्ट करण ग्रोव्हर हे वडोदऱ्याचे. गुजरातमधलं चांपानेर वारसास्थळ व्हावं म्हणून या गृहस्थांनी वीसेक वर्षं खटपट केली आणि त्याला युनेस्कोची मान्यता मिळाली तीही २००४ सालीच. चांपानेरच्या मशिदींमधल्या जाळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना कोंडापूरची भिंत लगेच ओळखू येईल. म्हणजे हा माणूस आजोबांच्या वह्या घेऊन अमेरिकन परीक्षेला बसला आणि पहिला आला.

पण मग पुढे काय झालं? इथेच मला आपली सीएमएम लेव्हल ५ आठवते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या कंपन्या तिच्यामागे कशा लागल्या होत्या! सर्टिफिकेट सगळ्यांनी आणलं, कोड सगळ्यांचा सुधारला असं काही छाती ठोकून सांगता येत नाही. इमारतींचंही तसंच. आज लीडच्या बाबतीत भारत अमेरिकेबाहेरच्या पहिल्या काही देशांत आहे, आणि २००७ पासून आपला स्वतःचा ऊर्जा बचत इमारत संहिताही आहे. पण कोंडापूरहून परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं तर चौक नाही, जाळी नाही. नुसती काच.

आणि यात लबाडी कोणाचीच नाही. परीक्षेत गुण मिळतात ते वीज किती वाचली, पाणी किती वाचलं याचे. ते जाळीने वाचवा नाहीतर महागड्या काचेने आणि चांगल्या चिलरने, गुण तेवढेच. बिल्डरच्या बाजूने पाहिलं तर चौक म्हणजे भाड्याने न जाणारी जागा. काचेच्या डब्यात तेवढ्याच जमिनीवर चारशे माणसं जास्त बसतात. दोघांचंही गणित बरोबर आहे, फक्त त्यात मे महिन्यात वीज गेली तर आत काय होईल याला कॉलमच नाही. जनरेटर बंद पडला तर माझ्या ऑफिसची खिडकी उघडतच नाही. कोंडापूरच्या त्या गोल चौकात मात्र वारा तसाच चालू राहील.