शंभरावं मेंढरू

राळेगणसिद्धीच्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय. आजचा विषय जरा वेगळा आहे. आपल्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, ख्रिस्ती मंडळ्यांनी अडल्यानडल्या माणसांची विचारपूस कशी केली, त्याचा हा इतिहास आहे. आपल्या गटांना त्यातून घेण्यासारखं बरंच आहे.

देवाच्या दारातून गावाचं काम उभं राहतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. १९७५ साली अण्णा हजारे गावात परतले आणि यादवबाबांच्या मंदिराच्या दुरुस्तीपासून सुरुवात झाली. पाणी, झाडं, दारूबंदी हे सगळं त्यानंतर आलं. चर्चचंही असंच आहे. रविवारची उपासना हा कामाचा एक भाग, उरलेलं काम आठवडाभर घरोघरी चालतं.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात. पाळक म्हणजे मेंढरं राखणारा. आपल्या पारनेरच्या माळावर धनगर संध्याकाळी वाड्यात मेंढरं घालताना मोजून घेतो, एक कमी भरलं तर त्याला झोप लागत नाही. येशूने सांगितलेला दाखलाही तोच आहे. शंभरातलं एक हरवलं, तर मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्या एकाला शोधायला जातो. चर्चमधल्या सेवेचं मूळ या एका गोष्टीत आहे. जो आला नाही, त्याच्याकडे आपण जायचं.

अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ साली मुंबईत सुरू झालं आणि १८३१ साली ते नगरला आलं. १८३३ मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. पुढे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत जे लोक या मंडळ्यांत आले, ते बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. धर्म वाढवणं हा मिशनऱ्यांचा हेतू होता, तो त्यांनी कधी लपवला नाही. पण ज्या वस्तीवर गावातलं कुणी पाय ठेवत नव्हतं, तिथे कुणीतरी जाऊन बसू लागलं, आजाऱ्याच्या उशाशी थांबू लागलं. हे त्या काळात लहान काम नव्हतं.

त्यात बायकांचा वाटा मोठा आहे. सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिका १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या. १८३९ पासून नगरला राहून त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली इथेच त्यांचा मृत्यू झाला. जोतीराव फुल्यांनी या शाळा पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंनीही शिकवण्याचे धडे फॅरारबाईंकडे घेतले, असं सांगतात.

परदेशी बाईला मात्र वाड्यावस्तीवरच्या प्रत्येक चुलीपर्यंत पोचता येईना. ते केलं इथल्याच बायकांनी. त्यांना 'बायबल बाई' म्हणत. कुणी विधवा, कुणी मिशनच्या शिक्षकाची बायको. त्या घरोघर जात, पुस्तक वाचून दाखवत, अक्षरं शिकवत, दुखलंखुपलं विचारत. परका पुरुष ओसरीवर थांबायचा, ही बाई थेट माजघरात जायची. त्यामुळे बाईचं दुखणं तिला आधी कळायचं. मिशनऱ्यांची नावं दगडावर कोरली गेली, यांच्यातल्या बहुतेकींची नावं कुणाला माहीत नाहीत.

एकीची कहाणी तेवढी तिच्याच शब्दांत उरली. लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, मग नगरला आल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्याआधीच जात ही माणसाने केलेली आहे हे त्यांचं त्यांना उमगलं होतं, आणि सोवळं सोडून त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या होत्या. हे महत्त्वाचं आहे मैत्रिणींनो. ज्याच्या घरचं पाणी आपण पीत नाही, त्याचं दुःख तो आपल्याला कशाला सांगेल?

तो काळ दुष्काळाचा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ पडले. पोरक्या मुलांना नगरच्या मिशनने आसरा दिला. त्या कामात पुढे असलेले रॉबर्ट ह्यूम यांना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. दौंडजवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली-बायकांना मुक्ती सदनात आणलं. टिळकांच्या घरातही परकी लेकरं वाढली. नवरा कवितेत रमलेला, खिशात पैसा टिकत नाही आणि घरात माणसं वाढतायत! 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी हा संसार हसत हसत सांगितला आहे.

पुढे काळ बदलला तसं सेवेचं रूपही बदललं. नगरचं बूथ हॉस्पिटल साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचं. २०२० साली करोनाचे रुग्ण तिथे दाखल झाले, ते आपल्या आठवणीतलं आहे. कॅथलिक येशूसंघाचे फादर हर्मन बाखर मूळचे स्वित्झर्लंडचे. त्यांनी आपल्या जिल्ह्यात राहून पाणलोटाचं काम उभं केलं. १९९३ साली स्थापन झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टचे ते एक संस्थापक. या कामात गावाने श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. हे नियम राळेगणला नवे नाहीत. या कामात बायकांचे बचत गट आणि त्यांची संयुक्त महिला समितीही असते.

आता आपल्याकडे वळू. आपण पंचसूत्री पाळतो. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. बाई आली नाही की हजेरीत खाडा पडतो आणि दंड लागतो. हिशेबाला ते बरोबर आहे. पण ती का आली नाही? कुणाच्या घरी दारूची भांडणं असतात, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली असते, कुणी बाहेरून कर्ज काढून हप्त्याच्या ओझ्याखाली तोंड लपवत असते. हे रजिस्टरमध्ये कुठे येतं?

म्हणून आमचं सांगणं एवढंच. दंड लिहिण्याआधी दोघींनी तिच्या घरी जावं. दोघी अशासाठी की एकीला धीर राहतो आणि गोष्ट फिरत नाही. त्या दिवशी वसुलीचा शब्द काढू नये. तिच्या हातचा चहा घ्यावा आणि जास्त ऐकावं. जे कळेल ते तिच्या परवानगीशिवाय बैठकीतही सांगू नये. चांगला पाळक कुणाचं गुपित व्यासपीठावर नेत नाही, आपणही नेऊ नये. मदत लागली तर ती काय हवी, हे तिनेच ठरवावं. आणि हजेरीपटात एक रकाना वाढवावा, 'घरभेट' नावाचा.

धर्म आपापला असू दे. पण संध्याकाळी मोजताना एक कमी भरलं, तर कंदील घेऊन निघायचं, ही रीत सगळ्यांची व्हायला हरकत नाही. पुढच्या बैठकीत हजेरी झाली की न आलेल्या बाईचं नाव मोठ्याने वाचा आणि तिच्याकडे कोण दोघी जाणार, ते तिथेच ठरवा.